‘साहेब, किती दिवस?’ : पित्तमार्गाच्या विकारातून होणारा यकृताचा सिऱ्होसिस आणि आयुर्मानाचा प्रश्न

(रुग्णालयाच्या वार्षिक स्नेहमेळाव्यात प्रशासकांनी केलेले भाषण)



दरवर्षी या मेळाव्यात मी आपणांसमोर उभा राहतो तो जमाखर्च घेऊन. यंदा अध्यक्ष महोदयांनी सुचविले, ‘पत्रके अहवालात छापलेलीच आहेत, वर्षभर तुमच्या टेबलासमोर माणसे काय विचारतात ते सांगा.’ त्यांची आज्ञा शिरसावंद्य मानून मी आज एकाच प्रश्नाविषयी बोलणार आहे. हा प्रश्न मला जवळजवळ दर आठवड्याला ऐकावा लागतो. तो असा : ‘साहेब, किती दिवस?’

प्रारंभीच एक गोष्ट स्पष्ट करतो. मी वैद्य नाही. वाणिज्य शाखेची पदवी घेऊन या रुग्णालयाच्या हिशेब विभागात कारकून म्हणून रुजू झालो आणि येथेच वाढलो. वैद्यकीय म्हणून जे काही सांगेन, ते आमच्या पोटविकार विभागातील डॉक्टरांनी वाचून व दुरुस्त करून दिलेले आहे. चुका राहिल्या असतील तर त्या माझ्या.

एका खिडकीवर दिलेले उत्तर

सन २००१ मधील गोष्ट. एका ऊसउत्पादक कुटुंबातील पंचेचाळिशीच्या आसपासची बाई आपल्याकडे दाखल होती. तिला दोन वर्षे अंगभर खाज सुटत असे. कडुनिंबाच्या पाण्याची आंघोळ झाली, मलमे झाली, देवाचे झाले. शेवटी रक्ततपासणीत दोष यकृताचा निघाला. यकृताच्या आतल्या बारीक पित्तनलिका हळूहळू नष्ट होत होत्या आणि सिऱ्होसिसची सुरुवात झालेली होती. बाईने आयुष्यात कधी दारूला स्पर्श केला नव्हता; तरी ‘लिव्हर खराब’ एवढे कानावर पडताच गावात कुजबुज सुरू झालीच.

घरी जाण्याच्या दिवशी तिचे यजमान बिलाच्या खिडकीशी आले. पैसे मोजून दिल्यावर त्यांनी हळूच विचारले, ‘साहेब, डॉक्टर नीट काही सांगत नाहीत. तुम्ही रोज बघता. किती दिवस काढंल ही?’ त्याच सकाळी मी दुसऱ्या एका सिऱ्होसिसच्या रुग्णाची फाईल हाताळली होती. त्याच्या पोटात पाणी झालेले होते आणि डॉक्टरांच्या तोंडून ‘साधारण दोन वर्षे’ असे शब्द मी ऐकले होते. मी सहज बोलून गेलो, ‘दोनेक वर्षे म्हणतात.’

ते गृहस्थ निघून गेले. मुलगी लग्नाची होती. दोनच वर्षांचा प्रश्न असेल तर औषधांत पैसा घालण्यापेक्षा मुलीचे हात पिवळे करावेत, असा विचार त्यांनी केला. त्यांना दोष देण्याचा अधिकार मला नाही. गोळ्या बंद झाल्या, तपासण्याही बंद झाल्या.

२००५ साली एका रात्री तीच बाई रक्ताच्या उलट्या होत असताना जीपमधून आपल्याकडे आली. रक्तस्राव आटोक्यात आणून तिला शहरात पाठविण्यात आले. ती वाचली, परंतु त्यानंतर पोटात पाणी साठू लागले आणि पुढच्या वर्षी ती गेली. शेवटचा हिशेब पुरा करताना तिचे यजमान मला म्हणाले, ‘साहेब, तुम्ही दोन वर्षं म्हणाला होता. पाच वर्षं जगली. देवानं तीन वर्षं वरकड दिली.’ हे ते कृतज्ञतेने म्हणाले.

त्या दिवशी संध्याकाळी मी आमच्या डॉक्टरांना सारी हकीकत सांगितली. त्यांनी जुनी फाईल काढून पाहिली आणि शांतपणे म्हणाले, ‘पहिल्यांदा आली तेव्हा तिला कावीळ नव्हती, पोटात पाणी नव्हते. तुम्ही सांगितलेला आकडा तिचा नव्हताच.’ गोळ्या चालू राहिल्या असत्या तर ती नेमकी किती जगली असती, हे कोणीच सांगू शकत नाही. पण दुसऱ्याच्या खात्यावरची रक्कम मी तिच्या नावे टाकली होती, एवढे खरे. हिशेबनिसाच्या हातून याहून मोठी चूक होत नाही. आजचे हे बोलणे त्या चुकीची अंशतः परतफेड समजावी.

तुंबलेली वाट

यकृत दररोज सुमारे अर्धा ते एक लिटर पित्त तयार करते. हे पित्त केसासारख्या सूक्ष्म नलिकांतून मोठ्या नलिकांत आणि तेथून आतड्यात उतरते. ते स्निग्ध पदार्थांचे पचन घडविते, अ, ड, ई, के ही जीवनसत्त्वे शोषून घेण्यास मदत करते आणि शरीरातील काही टाकाऊ द्रव्ये बाहेर नेते. ही वाट कोठेही अडली की पित्त मागे साचते. घराची मोरी तुंबल्यावर पाणी जसे भिंतीत मुरते, तसे साचलेले पित्त यकृताच्या पेशींना इजा करते. इजा झालेल्या जागी व्रणासारखे कठीण तंतू तयार होतात, पुढे गाठी होतात आणि मऊ यकृत निबर होते. हाच सिऱ्होसिस.

वाट अडण्याची कारणे वयानुसार निरनिराळी आहेत. नवजात बालकांत यकृताबाहेरील पित्तनलिका बंद होत जातात. या विकाराला बिलिअरी अट्रेसिया म्हणतात. मध्यम वयात, आणि विशेषतः स्त्रियांत, शरीराची संरक्षक यंत्रणाच यकृतातील बारीक नलिकांवर उलटते. याला संक्षेपाने पीबीसी म्हणतात. दर दहा रुग्णांपैकी सुमारे नऊ स्त्रिया असतात. तिसऱ्या प्रकारात पित्ताचे खडे, शस्त्रक्रियेत नलिकेला झालेली इजा किंवा नलिकांना आलेले आकुंचन यांमुळे मोठ्या नलिका अडतात. या तिसऱ्या प्रकारात अडथळा वेळीच दूर केला तर यकृताची पुढची हानी थांबू शकते. काही रुग्णांत तर झालेला कठीणपणाही काही अंशी ओसरल्याचे आढळले आहे.

येथे एक गोष्ट आवर्जून सांगतो. या तिन्ही प्रकारांचे मूळ दारूत नाही. पीबीसीच्या नावात पूर्वी ‘सिऱ्होसिस’ हा शब्द होता. बहुसंख्य रुग्णांना निदानाच्या वेळी सिऱ्होसिस नसतोच, शिवाय त्या शब्दामुळे रुग्णांवर व्यसनाचा ठपका बसतो, अशी तक्रार रुग्णांच्या संघटनांनीच केली. २०१५ साली जगभरातील तज्ज्ञांनी ते नाव बदलले आणि ‘प्रायमरी बिलिअरी कोलँजायटिस’ असे केले. रुग्णांच्या मानहानीची दखल घेऊन आजाराचे नाव बदलावे, ही वैद्यकाच्या इतिहासातील विरळा घटना होय. शेजारच्या घरातील माउलीला ‘लिव्हरचा’ आजार आहे असे कळले, तर तिच्या घरच्यांकडे संशयाने पाहू नये, एवढे तरी आपण येथून नेऊ या.

एकाच आजाराच्या दोन खोल्या

आता मूळ प्रश्नाकडे येतो. सिऱ्होसिस झाला म्हणजे किती दिवस?

डॉक्टरांच्या भाषेत सिऱ्होसिसच्या दोन अवस्था आहेत. पहिली सावरलेली अवस्था. यकृत निबर झालेले असते, परंतु उरलेल्या भागावर शरीराचा संसार चाललेला असतो. व्यापारात तोटा झाला तरी राखीव निधीवर दुकान चालते, तसे हे आहे. दुसरी ढासळलेली अवस्था. पोटात पाणी होते, अन्ननलिकेतील फुगलेल्या शिरा फुटून रक्ताची उलटी होते, विषारी द्रव्ये मेंदूपर्यंत जाऊन माणूस भ्रमिष्टासारखा वागू लागतो किंवा कावीळ उतरत नाही. यांपैकी काहीही घडले की रुग्ण पहिल्या खोलीतून दुसऱ्या खोलीत गेला, असे समजतात.

इटलीतील डॉ. द’अमिको व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ साली ११८ अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला. सर्व कारणांनी झालेले सिऱ्होसिस त्यात होते. पहिल्या अवस्थेतील रुग्णांचे मध्यक आयुर्मान बारा वर्षांहून अधिक आढळले. दुसऱ्या अवस्थेत ते सुमारे दोन वर्षे होते. मी खिडकीवर सांगितलेली ‘दोन वर्षे’ ही दुसऱ्या खोलीतील होती आणि ती बाई पहिल्या खोलीत होती.

मध्यक म्हणजे काय, हे माझ्या विषयातले असल्याने सांगतो. शंभर माणसे आयुर्मानाच्या क्रमाने ओळीत उभी केली तर मधल्या माणसाचा जो आकडा, तो मध्यक. निम्मी माणसे त्याच्या अलीकडे असतात, निम्मी पलीकडे. काही तर पुष्कळच पलीकडे. आपला माणूस ओळीत कोठे उभा आहे, हे तो आकडा सांगत नाही. शिवाय असे आकडे पूर्वी होऊन गेलेल्या रुग्णांचे असतात. मागील सालचा ताळेबंद पाहून पुढील सालचा अंदाज बांधता येतो, निकाल लावता येत नाही.

आकड्याला नेमकेपणा कसा येतो

डॉक्टरांनाही केवळ अंदाजावर भागत नाही. म्हणून त्यांनी गुणांच्या पद्धती बसविल्या. चाइल्ड-प्यू या पद्धतीत पाच गोष्टींना गुण देतात : रक्तातील बिलिरुबिन, अल्ब्युमिन, रक्त गोठण्याचा वेळ, पोटातील पाणी आणि मेंदूवरील परिणाम. बेरीज ५ ते १५ च्या दरम्यान येते; ५ व ६ गुण म्हणजे ‘अ’ वर्ग, ७ ते ९ ‘ब’ वर्ग, १० व त्यापुढे ‘क’ वर्ग. शालेय परीक्षेच्या उलट येथे कमी गुण चांगले. मेल्ड नावाची दुसरी पद्धत बिलिरुबिन, क्रिएटिनिन व रक्त गोठण्याचे प्रमाण यांवर आधारलेली असून ती पुढील तीन महिन्यांतील धोका वर्तविते. अमेरिकेत २००२ पासून यकृत कोणाला आधी मिळावे हे ठरविण्यासाठी तिचा उपयोग होऊ लागला. हा गुणांक १५ च्या आसपास पोचला की प्रत्यारोपणाचा विचार सुरू करावा, असे सामान्यतः मानतात.

पीबीसीमध्ये बिलिरुबिनला विशेष महत्त्व आहे. या आजारात खाज आणि थकवा आधी येतात, कावीळ बहुधा उशिरा येते. आणि ती आली तर दुर्लक्ष करू नये. औषध नसलेल्या काळात, १९७९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे दिसले की, बिलिरुबिन सातत्याने २ च्या वर राहू लागल्यावर रुग्ण सरासरी चार वर्षे जगले, ६ च्या वर गेल्यावर सुमारे दोन वर्षे आणि १० च्या वर गेल्यावर दीड वर्षाहून कमी.

हे चित्र अर्सोडीऑक्सिकोलिक आम्ल या औषधाने बदलले. नाव जिभेला जड आहे. आमच्या औषध दुकानात सारे ‘अर्सो’ म्हणतात. अस्वलाच्या पित्तात हे द्रव्य विपुल असते व तेथूनच त्याचे नाव आले. आजच्या गोळ्या अर्थातच कारखान्यात तयार होतात. शरीराच्या दर किलो वजनामागे १३ ते १५ मिलिग्रॅम या प्रमाणात डॉक्टर ते देतात आणि ते बहुधा जन्मभर घ्यावे लागते. वर्षभराने रक्त तपासून औषध लागू पडले की नाही, हे पाहतात. २०१४ साली युरोप व उत्तर अमेरिकेतील ४,८४५ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. एका वर्षानंतर ज्यांचे बिलिरुबिन मर्यादेत होते, त्यांपैकी ८६ टक्के रुग्ण दहा वर्षांनी प्रत्यारोपणाविना जिवंत होते. ज्यांचे वाढलेले होते त्यांच्यात हे प्रमाण ४१ टक्के होते. निदान लवकर झाले आणि औषध चांगले लागू पडले, तर अशा रुग्णांचे आयुर्मान इतर समवयस्कांच्या जवळपास असते.

ज्यांना अर्सो पुरत नाही, त्यांच्यासाठी इतर औषधांचे पर्याय आहेत. त्यांपैकी ओबेटिकोलिक आम्ल २०१६ साली मोठ्या आशेने आले. परंतु पुढे गेलेल्या सिऱ्होसिसमध्ये त्याने अपाय होतो असे दिसल्यावर २०२१ साली अमेरिकेत त्यावर निर्बंध आले. एलाफिब्रॅनॉर आणि सेलाडेलपार या दोन नव्या औषधांना २०२४ साली तेथे मान्यता मिळाली. अमक्या पाहुण्याला लागू पडले म्हणून तेच औषध आपण परस्पर आणू नये, हाच यातला बोध.

साठ दिवसांची मुदत

बालकांच्या बाबतीत मात्र काळ वर्षांत मोजता येत नाही, तो दिवसांत मोजावा लागतो.

नवजात बाळाला होणारी साधी कावीळ बहुधा दोन आठवड्यांत उतरते. घरातील वडीलधारी मंडळी ‘बाळाला कोवळे ऊन दाखवा’ असे सांगतात आणि पुष्कळदा कावीळ आपोआप जाते, म्हणून त्या सल्ल्याचा मान राहतो. परंतु पित्तनलिका बंद असलेले बाळही सुरुवातीला असेच गुटगुटीत दिसते. फरक दिसतो तो लंगोटात. शी पिवळी न होता पांढुरकी, मातकट होते आणि लघवीचा गडद पिवळा डाग पडतो. चौदा दिवसांनंतरही कावीळ राहिली, किंवा शीचा रंग पांढुरका दिसला, तर त्याच दिवशी बालरोगतज्ज्ञांकडे जावे. बारसे थांबले तरी चालेल.

जपानमधील डॉ. मोरिओ कासाई यांनी १९५० च्या दशकात या बालकांसाठी एक शस्त्रक्रिया शोधली. बंद झालेली नलिका काढून आतड्याचा भाग थेट यकृताला जोडतात आणि पित्ताला नवी वाट मिळते. ही शस्त्रक्रिया साठ दिवसांच्या आत झाली तर यशाची शक्यता अधिक. जसजसा उशीर होतो तसतशी ती घटते. काहीच उपचार न झाल्यास बहुतेक बालके दोन वर्षांच्या आत दगावतात. शस्त्रक्रिया यशस्वी झाली तर अनेक मुले स्वतःच्या यकृतावर शाळेत जाऊ लागतात, जरी त्यांपैकी पुष्कळांना पुढे केव्हातरी प्रत्यारोपण लागते. तैवानने २००४ पासून बाळाच्या शीचे रंग दाखविणारे कार्ड देशभर आईच्या हाती दिले. एका छापील कागदाने तेथे वेळेत शस्त्रक्रिया होणाऱ्या बालकांचे प्रमाण वाढले. आमच्या प्रसूतिकक्षात अशी चित्रे लावण्याचे काम यंदा झाले, हे नमूद करताना मला संतोष होतो.

भारतात बालकाचे पहिले यशस्वी यकृत-प्रत्यारोपण नोव्हेंबर १९९८ मध्ये दिल्लीत झाले. वीस महिन्यांच्या त्या तमिळ बाळाला हाच विकार होता आणि वडिलांनी आपल्या यकृताचा तुकडा त्याला दिला. ते बाळ वाढले, शिकले आणि डॉक्टर झाले. ज्या आजाराच्या पुस्तकात ‘दोन वर्षे’ असे लिहिलेले असते, त्या आजाराचे हेही एक उत्तर आहे. तेव्हापासून देशात प्रत्यारोपण रुळले. पीबीसीच्या रुग्णांत तर प्रत्यारोपणाचे परिणाम विशेष चांगले असून पाचांपैकी चार किंवा त्याहून अधिक रुग्ण पाच वर्षांनंतरही हयात असतात.

घरच्यांच्या हाती काय आहे

‘किती दिवस’ याचे उत्तर पुष्कळ अंशी रुग्ण पहिल्या खोलीत किती काळ टिकतो यावर ठरते. आणि तेथे घरच्यांचा वाटा मोठा आहे. आमच्या डॉक्टरांनी मला पाठ करून घेतलेल्या गोष्टी अशा :

१. गोळ्या स्वतःहून बंद करू नयेत. बरे वाटते म्हणून नाही, आणि ‘आता काय उपयोग’ म्हणूनही नाही.

२. दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी करावी. सिऱ्होसिस झालेल्या यकृतात कर्करोग उद्भवू शकतो व तो लहान असताना सापडला तर उपचार शक्य असतात.

३. डॉक्टर सांगतील तेव्हा दुर्बिणीतून अन्ननलिका तपासून घ्यावी. फुगलेल्या शिरा फुटण्याआधी औषधाने किंवा रबरी कड्या बसवून धोका कमी करता येतो. आमच्या त्या बाईंना हे मिळाले नाही.

४. रुग्णाला उपाशी ठेवू नये. आपल्याकडे कावीळ म्हटली की उसाचा रस आणि फुटाण्यांवर ठेवतात, डाळी, दूध बंद करतात. सिऱ्होसिसमध्ये स्नायू झडतात. पुरेशी प्रथिने हवीतच. पोटात पाणी असेल तर मीठ कमी करावे. पापड, लोणचे, फरसाण आधी बंद.

५. दारू पूर्ण वर्ज्य. तसेच मनाने काढे, भस्मे घेऊ नयेत. गुळवेलीच्या सेवनानंतर यकृताला इजा झाल्याची उदाहरणे मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ साली नोंदविली आहेत. नैसर्गिक आहे म्हणून निरुपद्रवी, असा हिशेब यकृत मांडत नाही.

६. हाडांची तपासणी, कावीळ ‘अ’ व ‘ब’ ची लस आणि जीवनसत्त्वे यांविषयी डॉक्टरांना विचारावे.

आणि डॉक्टरांसमोर बसल्यावर केवळ ‘किती दिवस’ असे विचारू नये. असे विचारावे : रुग्ण पहिल्या खोलीत आहे की दुसऱ्या? गुणांक किती? मागील वेळेपेक्षा वाढला की घटला? औषध लागू पडते आहे का? प्रत्यारोपण केंद्राकडे नाव नोंदविण्याची वेळ आली आहे का? या पाच प्रश्नांची उत्तरे वहीत लिहून ठेवावीत. त्यांतून जो अंदाज निघतो, तो आपल्या माणसाचा असतो.

कधी कधी उत्तर कठोरही असते. दुसरी खोली, प्रत्यारोपण शक्य नाही, उपाय थकले. अशा वेळी ते लपवू नये. माणसाला भेटायचे असते, बोलायचे असते, सातबाऱ्यावर नाव चढवायचे असते, क्षमा मागायची वा करायची असते. वेदना, खाज, पोटातील पाणी यांवर अखेरपर्यंत उपचार करता येतात आणि ते करणे हेही रुग्णालयाचेच काम आहे.

जमाखर्चाचे दोन शब्द

शेवटी माझ्या मूळ धंद्याकडे वळतो. खासगी रुग्णालयात यकृत-प्रत्यारोपणाचा खर्च वीस लाखांच्या घरात वा त्याहून पुढे जातो. धर्मादाय रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत व १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीने राखून ठेवाव्यात, असा विश्वस्त कायद्याखालील दंडक आहे. मुंबई उच्च न्यायालयाने २००६ साली मान्य केलेल्या योजनेनुसार बिलांच्या रकमेचे २ टक्के निर्धन रुग्ण निधीत जमा होतात. ही दया नव्हे, हा रुग्णाचा हक्क आहे. आमच्या समाजसेवा कक्षात कागदपत्रे घेऊन संकोच न करता यावे. पैसा उभा राहिला तरी यकृत लागते, ते कोणाच्या तरी दानातून येते. १९९४ च्या कायद्याने मेंदूमृत व्यक्तीच्या अवयवांचे दान शक्य झाले. मुंबईतील विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्र त्याची नोंद व वाटप पाहते. आज जाताना दाराशी ठेवलेले अर्ज पाहावेत आणि मुख्य म्हणजे आपली इच्छा घरी बोलून दाखवावी.

देणगीदार मंडळींना एक विनंती करतो. आपण यंत्रे दिलीत, वॉर्ड दिलेत. भिंतींवरील संगमरवरी पाट्या त्याची साक्ष देतात. परंतु या आजारात आयुष्य लांबविते ते महिन्याच्या गोळ्या, सहामाही सोनोग्राफी आणि गावाहून येण्याचे एस. टी.चे भाडे. एस. टी.च्या तिकिटावर कोणाचे नाव कोरता येत नाही, म्हणून या खात्याला देणगी मिळत नाही. विश्वस्तांनी यंदा या पाठपुराव्यासाठी स्वतंत्र निधी उघडण्यास संमती दिली आहे. २००१ साली असा निधी असता, तर मुलीचे लग्न की बायकोच्या गोळ्या हा प्रश्न त्या शेतकऱ्यापुढे कदाचित उभाच राहिला नसता.

आमच्या बिलाच्या खिडकीवर आता एक पाटी आहे : ‘आजाराविषयीचे प्रश्न कृपया डॉक्टरांना विचारावेत. दर बुधवारी दुपारी तीन वाजता नातेवाइकांसाठी वेळ राखीव आहे.’ पाटीचा मजकूर मीच लिहिला आहे. कोणी खिडकीशी वाकून ‘साहेब, किती दिवस?’ असे विचारलेच, तर मी जागेवरून उठतो आणि त्यांना डॉक्टरांच्या दारापर्यंत सोडून येतो.